पार्ट डीचा प्लॅन फार्मासिस्टला विचारून घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई-बाबा एडिसनला मुलाकडे राहतात, ग्रीन कार्डला पाच वर्षं पूर्ण झाली आणि दोघांना मेडिकेअरची (अमेरिकेत पासष्टीपुढच्यांना मिळणाऱ्या सरकारी आरोग्य विम्याची) पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, मिळाली. आता औषधांचा विमा, म्हणजे पार्ट डी, घ्यायचा आहे. बाबांना रक्त पातळ ठेवायची इलिक्विस आणि साखरेसाठी जार्डियन्स चालू आहे, आईला फक्त थायरॉइडची गोळी. जवळच्या फार्मसीतले फार्मासिस्ट बाबांशी आपुलकीने बोलतात, पण "कोणता प्लॅन घेऊ?" म्हटलं की "ते मी सांगू शकत नाही" असं म्हणून थांबतात. त्यांना माहीत नसतं, की सांगायचं नसतं? मग विचारायचं कुणाला?

मी न्यू जर्सीत पार्ट डी सुरू व्हायच्या आधीपासून फार्मासिस्ट म्हणून काम करते, तेव्हा काउंटरच्या आतल्या बाजूने सांगते. फार्मासिस्टला जरूर विचारा. फक्त "कोणता प्लॅन घेऊ" हा प्रश्न त्याला विचारू नका. त्याला जे दिसतं ते विमा एजंटला दिसत नाही, डॉक्टरांना तर नाहीच. आणि त्याला जे दिसत नाही, ते विचारून उपयोग नाही.

आधी "सांगू शकत नाही"चं बघू. मेडिकेअरचा नियम आहे की डॉक्टर, हॉस्पिटल, फार्मसी यांनी प्लॅन निवडण्याच्या बाबतीत तटस्थ राहायचं. आमची फार्मसी कोणकोणते प्लॅन घेते, हे आम्ही सांगू शकतो. तुमच्या गोळीवर तुमच्या आजच्या प्लॅनमध्ये काय बंधनं आहेत, हे समजावू शकतो. मेडिकेअरच्या वेबसाइटवरची तुलना छापून देऊ शकतो, कमी उत्पन्न असणाऱ्यांना मिळणाऱ्या मदतीचा अर्ज भरायला हातभार लावू शकतो. पण स्वतःच्या फायद्यासाठी एखाद्या प्लॅनकडे वळवणं, त्याचा अर्ज काउंटरवर घेणं, नावनोंदणीचे पैसे घेणं, हे चालत नाही.

आणि हा नियम योग्यच आहे असं माझं ठाम मत आहे. फार्मसीचा स्वतःचा स्वार्थ त्यात गुंतलेला असतो. एखाद्या प्लॅनकडून आम्हाला औषधामागे बरे पैसे मिळतात, एखाद्याकडून खरेदीची किंमतही धड निघत नाही. मोठ्या साखळ्यांचं तर विमा कंपन्यांशी नातंच आहे. सीव्हीएस हेल्थने २०१८ मध्ये एटना ही विमा कंपनी विकत घेतली. अशा ठिकाणी काउंटरवरचा माणूस कितीही सज्जन असला, तरी त्याने एका प्लॅनचं नाव घेतलं तर त्यात किती सल्ला आणि किती धंदा, हे सत्तरीच्या माणसाने कसं ओळखायचं? तेव्हा तुमचे फार्मासिस्ट गप्प बसतात ते टाळाटाळ म्हणून नाही. ते त्यांचं काम नीट करताहेत.

तरीही म्हातारी माणसं विचारायला आमच्याकडेच येतात, यात नवल नाही. फार्मसीत अपॉइंटमेंट लागत नाही आणि समोर बसलेला माणूस दर महिन्याला तोच असतो. आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. विमा म्हणजे हॉस्पिटलात भरती झाल्यावर कामी येणारी गोष्ट, ही समजूत घेऊन आई-बाबा इथे येतात. रोजच्या गोळ्या तिकडे मेडिकलमधून रोख पैसे देऊन आणायच्या, त्यात विम्याचा संबंध नाही. गोळीगणिक वेगळा कोपे (म्हणजे आपल्या वाट्याची ठरलेली रक्कम), प्लॅनच्या औषधांच्या यादीत असलेली-नसलेली गोळी, वर्ष पालटलं की बदलणारी किंमत, हे सगळं त्यांना पहिल्यांदा कळतं ते आमच्या काउंटरवर, हातात बिल आल्यावर.

पार्ट डी १ जानेवारी २००६ ला सुरू झाली. त्या जानेवारीत मी काउंटरवर होते. ज्यांची औषधं तोवर मेडिकेडमधून, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी विम्यातून, येत होती, अशा लाखो गरीब वृद्धांना एका रात्रीत खासगी प्लॅनमध्ये टाकलं होतं आणि कित्येकांची नावं कंप्युटरवर दिसतच नव्हती. प्लॅनच्या फोनवर तासन् तास ताटकळायचं, समोर इन्सुलिनसाठी उभी असलेली बाई. शेवटी अनेक राज्य सरकारांनी आपल्या पैशांतून तात्पुरती सोय केली. बऱ्याच फार्मासिस्टांनी पैसे मिळतील की नाही याचा विचार न करता चार-आठ दिवसांच्या गोळ्या दिल्या. "विम्याचं फार्मसीत विचार" ही सवय इथल्या वृद्धांना तेव्हा लागली, ती आजतागायत आहे.

आता आम्हाला नक्की काय दिसतं ते सांगते.

तुमचे बाबा आधीच एखाद्या प्लॅनमध्ये असतील पण कार्ड सापडत नसेल, तर नाव, जन्मतारीख आणि मेडिकेअर नंबर टाकून आम्ही दोन मिनिटांत शोधू शकतो की ते कोणत्या पार्ट डी प्लॅनमध्ये आहेत. लाल-पांढरं-निळं मेडिकेअर कार्ड घेऊन लोक येतात आणि औषध त्यावर मिळेल असं समजतात. औषधाचं कार्ड वेगळं असतं. ते प्लॅनकडून येतं आणि त्यावर बिन आणि पीसीएन असे दोन क्रमांक असतात. आम्हाला तेच लागतात.

चालू प्लॅनमध्ये एखाद्या गोळीला किती पैसे पडतील, हे औषध न देताही आम्ही तपासू शकतो. पण लक्षात घ्या, फक्त चालू प्लॅनचं. ज्यात तुम्ही नाही त्या प्लॅनचा हिशोब आमच्या पडद्यावर येत नाही, आणि पुढच्या वर्षाचा तर कुणाचाच येत नाही. म्हणून "तो दुसरा प्लॅन घेतला तर किती पडेल?" याचं उत्तर फार्मासिस्टने छातीठोकपणे दिलं, तर त्यावर विसंबू नका. ते उत्तर मेडिकेअरच्या वेबसाइटवरच्या प्लॅन फाइंडरमध्ये, म्हणजे प्लॅनची तुलना करून दाखवणाऱ्या पानावर, आहे.

आणि प्लॅन फाइंडर नीट चालवायचा तर फार्मासिस्टची खरी गरज तिथे लागते. त्याच्याकडून मागच्या बारा महिन्यांच्या औषधांचा छापील कागद मागून घ्या. त्यात औषधाचं पूर्ण नाव, मिलिग्रॅम, गोळी की कॅप्सूल, महिन्याला किती, सगळं असतं. हा कागद मागायला कसलाच संकोच नको. तो तुमचा हक्क आहे आणि आम्हाला छापायला क्षणभर लागतो. घरी बाटल्या बघून मुलगा औषधं टाकतो तेव्हा घोळ कसा होतो बघा. मेटफॉर्मिन ईआर (साखरेची, हळूहळू औषध सोडणारी गोळी) लिहिलं की यादीत तीन-चार नोंदी दिसतात. त्यातली एक साधी, काही डॉलरांत मिळणारी. दुसऱ्या गोळीतून औषध सुटण्याची पद्धत वेगळी आणि किंमत महिन्याला शेकडो डॉलर. नावात फरक एवढासा, पण चुकीच्या ओळीवर टिचकी पडली की वर्षाचा अंदाज हजारोंनी फुगतो आणि माणूस भलताच प्लॅन घेऊन बसतो. कोणती ओळ तुमची, हे फार्मासिस्ट बाटलीकडे बघून सांगेल.

भारतातून आणलेल्या गोळ्यांची गोष्ट याहून बिकट. पिशवीतून टेल्मा, ग्लायकोमेट-जीपी, थायरोनॉर्म, इकोस्प्रिन निघतात. प्लॅन फाइंडरमध्ये यातलं एकही नाव सापडणार नाही. टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन आणि थायरोनॉर्म म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, ही दोन्ही इथे मिळतात. ग्लायकोमेट-जीपीमधली मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड इथे मिळतात, पण दोन वेगळ्या गोळ्या म्हणून. विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन किंवा सिल्निडिपिन असेल तर अमेरिकेत त्यांना मान्यताच नाही, तेव्हा डॉक्टरांना बदली औषध लिहावं लागतं. इकोस्प्रिन म्हणजे कमी ताकदीची ॲस्पिरिन. ती इथे चिठ्ठीशिवाय मिळते आणि अशा औषधांचे पैसे पार्ट डी देत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी पिशवी घेऊन फार्मासिस्टकडे, मग बदललेली यादी घेऊन डॉक्टरांकडे, आणि औषधं ठरली की प्लॅन. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. प्लॅन आधी घेतला जातो आणि फेब्रुवारीत कळतं की बाबांची गोळी यादीतच नाही.

आता पैशांचं. लोक शून्य प्रीमियम बघून भुलतात, आणि आम्ही नियमात राहून सुद्धा इथे मोठी मदत करू शकतो, कारण औषधांच्या किमती आम्हाला पाठ असतात. बाबांच्याच दोन गोळ्या घेऊ. मेडिकेअरने औषध कंपन्यांशी घासाघीस करून ठरवलेल्या पहिल्या दहा औषधांच्या किमती १ जानेवारी २०२६ पासून लागू झाल्या. त्यात या दोन्ही आहेत. ३० दिवसांची इलिक्विस २३१ डॉलर, जार्डियन्स १९७. दोन्ही मिळून महिन्याला ४२८.

समजा एका प्लॅनला प्रीमियम नाही, पण डिडक्टिबल (प्लॅनने पैसे द्यायला लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम) पूर्ण, म्हणजे २०२६ साठी कायद्याने जास्तीत जास्त जितकं असू शकतं तितकं, ६१५ डॉलर, आणि त्यानंतर किमतीच्या २५ टक्के तुमचे. जानेवारीत बाबांना काउंटरवर पूर्ण ४२८ भरावे लागतील. फेब्रुवारीत डिडक्टिबलचे उरलेले १८७ आणि बाकीच्या रकमेचे २५ टक्के, म्हणजे सुमारे २४७. मार्चपासून महिना १०७. वर्षाचे साधारण १,७४५. दुसऱ्या प्लॅनला समजा महिना ४० प्रीमियम आहे, या गोळ्यांना डिडक्टिबल नाही आणि प्रत्येकीला ४५ कोपे. वर्षाचे ४८० प्रीमियमचे आणि १,०८० गोळ्यांचे, एकूण १,५६०. "फुकट" प्लॅन १८५ डॉलरने महाग पडला. हे दोन्ही प्लॅन मी हिशोबासाठी कल्पिले आहेत, पण हिशोबाची पद्धत हीच. प्लॅन फाइंडरमध्ये "प्रीमियम अधिक औषधांचा खर्च" या क्रमाने यादी लावा. प्रीमियमच्या क्रमाने कधीच लावू नका.

आईसाठी मात्र अगदी स्वस्त प्लॅन पुरेल. लेव्होथायरॉक्सिन ही जुनी, स्वस्त गोळी. नवरा-बायकोने एकच प्लॅन घ्यायला हवा असं काही नाही, प्रत्येकाची नोंदणी स्वतंत्र असते. "एकच गोळी आहे, मग प्लॅन कशाला?" असं मात्र करू नका. पार्ट डी मिळण्याजोगी असताना सलग ६३ दिवस किंवा जास्त काळ तितक्या दर्जाच्या औषध-विम्याशिवाय काढले, तर न घेतलेल्या प्रत्येक पूर्ण महिन्याला १ टक्का दंड लागतो. तो देशभराच्या मूळ प्रीमियमवर काढतात, २०२६ साठी ती रक्कम ३८.९९ डॉलर आहे. दोन वर्षं थांबलात तर महिना ९.४० डॉलर, आणि तोही पार्ट डी असेपर्यंत, म्हणजे जवळजवळ आयुष्यभर. पार्ट बी सुरू होताना पार्ट डीसाठी मिळणारी मुदत म्हणूनच सोडू नका. एकदा प्लॅन घेतला की पुढे दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात तो बदलता येतो.

२०२६ मध्ये वर्षभरात २,१०० डॉलरच्या वर यादीतल्या औषधांसाठी खिशातून काही द्यावं लागत नाही. २०२२ च्या कायद्याने आलेली ही मर्यादा २०२५ मध्ये २,००० होती. आमच्या काउंटरवरचं वातावरण या एका गोष्टीने बदललं. आधी कॅन्सरच्या गोळ्यांची किंमत ऐकून न घेताच परत जाणारी माणसं मी पाहिली आहेत. शिवाय हा खर्च वर्षभरात हप्त्यांनी, बिनव्याजी भरायची सोय आता प्रत्येक प्लॅनला द्यावी लागते. वर सांगितलेले जानेवारीचे ४२८ जड वाटत असतील तर ही सोय घ्या. मग फार्मसीत काही भरायचं नाही, प्लॅनचं बिल घरी येतं. पण त्याची नोंदणी प्लॅनकडे करायची, फार्मसीत ती होत नाही. एखाद्या औषधाचा तुमच्या वाट्याचा खर्च ६०० डॉलर किंवा त्याहून जास्त असेल तर आम्हाला तुमच्या हातात तशी सूचना द्यावीच लागते. तो कागद लोक पावतीबरोबर चुरगळून टाकतात. कृपया वाचा.

आणखी एक प्रश्न, जो काउंटरवर अगदी मोकळेपणाने विचारायचा: "विमा न लावता रोखीने कितीला मिळेल?" पूर्वी विम्याच्या करारांत अशी कलमं असायची की ग्राहकाने विचारल्याखेरीज फार्मासिस्टने स्वस्त रोख किंमत सांगायची नाही. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये झालेल्या दोन कायद्यांनी ही मुस्कटदाबी बंद केली. आईची गोळी रोखीने कोपेपेक्षा स्वस्त पडू शकते. मात्र रोख भरलेले पैसे २,१०० च्या हिशोबात आपोआप धरले जात नाहीत. बाबांसारख्या जास्त खर्चाच्या माणसाने त्या मोहात सहसा पडू नये.

औषध नाकारलं गेलं तर? पडद्यावर आम्हाला कारण दिसतं: आधी मंजुरी हवी, आधी स्वस्त औषध घेऊन बघा, किंवा संख्या जास्त आहे. काउंटरवरून निराश होऊन परतू नका, नेमकं कारण विचारा आणि कागदावर लिहून घ्या. मेडिकेअरच्या हक्कांचं एक छापील पत्रक आम्ही अशा वेळी द्यायचं असतं, ते मागून घ्या. डॉक्टरांकडून प्लॅनकडे अर्ज गेला की ७२ तासांत निर्णय द्यावा लागतो, तातडीचं असेल तर २४ तासांत. नव्या प्लॅनच्या पहिल्या ९० दिवसांत, आधीपासून चालू असलेलं औषध अडलं तर एकदा महिन्याभराचा पुरवठा मिळतो. हा नियम किती घरांना ठाऊकच नसतो, आणि बाबांची रक्त पातळ करायची गोळी दोन आठवडे बंद राहते. हे जिवावर बेतू शकतं. साखर तपासायच्या पट्ट्या पार्ट डीमध्ये नाकारल्या तर घाबरू नका, त्या पार्ट बीवर लावायच्या असतात. नवा कर्मचारी चुकू शकतो, तसं सांगा.

मग प्लॅन ठरवायला जायचं कुठे? प्रत्येक राज्यात शिप नावाचा सरकारी खर्चाने चालणारा सल्ला कार्यक्रम आहे. फुकट असतो, काही विकत नाही. कॅलिफोर्नियात त्याला हायकॅप म्हणतात. फार्मसीतला छापील कागद घेऊन त्यांच्याकडे जा, ते तुमच्यासमोर प्लॅन फाइंडर चालवून दाखवतील. मेडिकेअरचा स्वतःचा फोन १-८००-६३३-४२२७, तिथे दुभाषा मागता येतो. आईला इंग्रजी फोनची धास्ती वाटत असेल तर हे तिला जरूर सांगा. अनोळखी फोनवर "तुमचं कार्ड बदलायचंय, नंबर सांगा" म्हणणाऱ्याला मात्र आई-बाबांना काहीही सांगू देऊ नका.

मेडिकेअर ॲडव्हान्टेजबद्दल, म्हणजे मेडिकेअरचं सगळं एका खासगी प्लॅनमधून घेण्याबद्दल, फार्मासिस्टला विचारणं मला स्वतःला धोक्याचं वाटतं. त्यात डॉक्टर, हॉस्पिटल, नेटवर्क सगळं येतं, आणि आम्हाला त्यातला फक्त औषधांचा तुकडा दिसतो. तुमच्या आई-बाबांकडे पार्ट ए (हॉस्पिटलचा भाग) नसून फक्त पार्ट बी असेल, तर ॲडव्हान्टेज मिळतही नाही. पार्ट डी मात्र मिळते. आणि ओळखीत कुणी ॲडव्हान्टेजच्या एचएमओ किंवा पीपीओ प्रकारच्या (ठरलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांच्या नेटवर्कवर चालणाऱ्या) प्लॅनमध्ये असेल, तर त्याने स्वतंत्र पार्ट डी वेगळी घेऊ नये. ती घेतली की ॲडव्हान्टेजमधून नाव निघतं, आणि हे कळतं ते डॉक्टरांच्या दारात.

उत्पन्न कमी असेल तर "एक्स्ट्रा हेल्प" ही औषधांच्या खर्चाची मेडिकेअरची मदत बघा. दारिद्र्यरेषेच्या दीडपटीपर्यंत उत्पन्न आणि ठरलेल्या मर्यादेत बचत असेल तर २०२६ मध्ये जेनेरिकला जास्तीत जास्त ५.१० आणि ब्रँडला १२.६५ डॉलर पडतात. त्यात नवरा-बायकोचं उत्पन्न धरतात, मुलाचं नाही. न्यू जर्सीत याशिवाय औषधांसाठी राज्याची पाड योजना आहे, तिची उत्पन्नाची मर्यादा बरीच वर आहे आणि कोपे ५ आणि ७ डॉलर. अशाच योजना न्यूयॉर्कात एपिक आणि पेनसिल्व्हेनियात लॉटरीच्या पैशांवर चालणारी पेस. आई-बाबांच्या ग्रीन कार्डसाठी मुलाने स्पॉन्सरशिपच्या कागदांवर सही केलेली असते, तेव्हा अर्ज करण्याआधी त्याबद्दल शिपला विचारून घ्या.

फार्मसीत वेळही बघून जा. सोमवारी आणि महिन्याच्या पहिल्या तारखांना गर्दी असते, जानेवारीचा पहिला पंधरवडा तर विचारूच नका. सप्टेंबरच्या अखेरीस प्लॅनकडून पुढच्या वर्षीच्या बदलांचं पत्र येतं. ते घेऊन ऑक्टोबरातल्या मधल्या वारी, दुपारी दोन-तीनच्या सुमाराला या आणि विचारा: पुढच्या वर्षी यातली कोणती गोळी अडेल? तिच्याऐवजी स्वस्तातली कोणती चालेल, की डॉक्टरांना विचारू? तुमची फार्मसी कोणत्या प्लॅनच्या पसंतीच्या यादीत आहे? या शेवटच्या प्रश्नाला फार महत्त्व आहे. नेटवर्कमध्ये असणं वेगळं आणि पसंतीच्या यादीत असणं वेगळं, त्याच गोळीचा कोपे दोन फार्मसींत दोन तऱ्हेचा असतो. प्लॅन फाइंडरमध्ये एकाच वेळी पाच फार्मसी घालून हे बघता येतं.

आई-बाबा हिवाळ्यात पुण्याला किंवा गावी जाणार असतील तर आणखी एक. भारतात विकत घेतलेल्या औषधांचे पैसे पार्ट डी देत नाही, आणि ते २,१०० च्या मर्यादेच्या हिशोबातही येत नाहीत. निघायच्या किमान दोन आठवडे आधी फार्मासिस्टला तिकिटाच्या तारखा सांगा आणि ९० दिवसांचा पुरवठा मिळेल का, किंवा प्रवासासाठी वेळेआधी भरून मिळेल का, हे प्लॅनकडे विचारायला लावा. काही प्लॅन देतात, काही नाही. नाही म्हणाले तर डॉक्टरांकडून जेनेरिक नावांची चिठ्ठी घेऊन ठेवा. टेल्मिसार्टन वाचून पुण्यातला मेडिकलवाला बरोबर गोळी काढून देईल.